आधी आत कोण जाणार

बाबा,

तुम्ही ज्या खेळात पुन्हा पुन्हा मरत होतात, तो खेळ आता कुणी खेळत नाही. परवा पेणच्या बाजारात एका दुकानाबाहेर भंगारात टाकलेले जुने, पोट सुटलेले मॉनिटर दिसले आणि मी तिथंच थांबले. नवरा म्हणाला, चल की, काय बघतेस त्यात. काही नाही म्हटलं. घरी आले, स्वयंपाक केला, जेवणं झाली, आणि आज सकाळी कामाला दांडी मारून हे लिहायला बसले आहे. लिहून काय होणार, ते मलाही कळतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आई आता तुमच्याबद्दल बोलताना रडत नाही, उलट तुमच्या खोड्या सांगते. पण माझं एक बोलणं तुमच्याशी राहून गेलंय, आणि ते काही केल्या मनातून जात नाही.

तेव्हा आपण वरसे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही कंपनीत शिफ्टला जायचात आणि मी रोह्याच्या बाजारात एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, आधल्या दिवशी स्वतः वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरींपुढे ऐटीत सांगायचं. त्या वर्षी कंपनीत टाकी साफ करायचं काम निघालं. तुम्ही आणि तुमचे जोडीदार, दोघं एकाच गावचे, एकाच दिवशी कंपनीत लागलेले. मी त्यांना काका म्हणायचे. सकाळी टाकीतली हवा तपासून झाली होती, कागदावर सह्या झाल्या होत्या. काकांच्या कमरेला दोर बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक तुमच्या हातात होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, जरा बघून ये, गाळ किती हाय. ते उतरले, गाळ हलला, त्याच्याखाली कोंडलेला वायू सुटला आणि ते आडवे झाले. दोर आतल्या शिडीत अडकला. तुम्ही ओढ ओढ ओढलात. कंपनीचा नियम असा की वर उभा असलेल्यानं काहीही झालं तरी आत जायचं नाही, घंटा वाजवायची आणि हवेची नळकांडी पाठीला लावलेली माणसं येईपर्यंत थांबायचं. तुम्ही घंटा वाजवलीत आणि थांबलात. ती माणसं आली, काकांना बाहेर काढलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

चौकशीत साहेब म्हणाले, ह्या माणसानं अगदी बरोबर केलं, आत गेला असता तर एकाच्या जागी दोघं गेले असते. पुढं सुरक्षा सप्ताहात तुम्हाला मांडवात बोलावून शाल आणि नारळ दिला. तुम्ही तो नारळ घरी आणून आईच्या हातात दिलात आणि आंघोळीला गेलात. आईला कळेना त्याचं काय करायचं. फोडावा तर कुणाच्या नावानं, आणि टाकावा तरी कसा. तो देवापाशी पडून पडून आतून वाळला, हलवला की खुळखुळ वाजायचा.

आपल्या मूळ गावात मात्र वेगळाच हिशोब होता. आपलं गाव धरमतरच्या खाडीवरचं, शेतं भरतीच्या पातळीखाली, मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला की शेतं खारी झालीच म्हणून समजा. म्हणून बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडलेली ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं ओरडायचं, आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन धावायचा. पण गावाची रीत अशी होती की ज्यानं हाक मारली तोच आधी पाण्यात उतरणार. त्यानं पाण्याला पाठ देऊन उभं राहायचं, मग बाकीचे त्याच्या बाजूला, मग पेंढा, मग चिखल. हाक मारून काठावर उभा राहिलेला माणूस आपल्या गावात कुणी पाहिलेला नव्हता. लहानपणी मी तुम्हाला तसं उतरताना पाहिलंय, छातीपर्यंत पाणी, दात वाजताहेत, आणि तुम्ही वरच्यांना शिव्या घालताय की लवकर चिखल आणा रे, ऐतखाऊंनो. तर काकांच्या तेराव्याला गावातला एक म्हातारा तुमच्या पुढ्यात बसून शांतपणे म्हणाला, ‘दोर धरून वरच उभा र्‍हायलास व्हय?’ तुम्ही मान हलवलीत. पुढच्या उधाणात बांध फुटला, घराघराला, बाहेर राहणाऱ्यांनाही निरोप गेला. आपल्या घराला आला नाही.

त्यानंतर तुम्ही रजेवर बसलात ते बसलातच. कंपनीनं दोनदा माणूस पाठवला, कामावर या म्हणून. तुम्ही त्याला चहा पाजून परत धाडायचात. आई मला म्हणाली, ‘ह्यांना घेऊन जा गो तुझ्याबरोबर. भिंतीकडं बघत बसतात. मला भ्या वाटतं.’ कशाची भीती ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरामागं विहीर होती, आणि आई सारखी तिकडं चक्कर मारून यायची.

रविवारी क्लास बंद असायचा आणि किल्ली माझ्याकडे असायची. आमच्या सरांनी पेणहून एका खेळाची सीडी आणली होती, एका जुन्या खेळाचा दुसरा भाग. पहिला मी कॉलेजात असताना खेळले होते. ह्यात तुम्ही एकटेच बंदूक घेऊन सुटत नाही. आधी इमारतीचा नकाशा समोर येतो. मग माणसं निवडायची, त्यांच्या तुकड्या पाडायच्या, कुणी कुठल्या दारानं जायचं, कुठं थांबायचं, ते रेघा मारून ठरवायचं, आणि आत कोंडून ठेवलेली माणसं सोडवून आणायची. मुलींनी असलं खेळू नये असं सर म्हणायचे, म्हणून तर मी जास्तच खेळायचे. दुसऱ्या भागातली माणसं पहिल्यापेक्षा शहाणी होती, सांगितलं ते बऱ्यापैकी ऐकायची. फक्त एक होतं. गोळी खाऊन मेलेला माणूस कायमचा मेला, पुढच्या मोहिमेला त्याची जागा रिकामी.

तुम्हाला मी माझ्यामागं स्टुलावर बसवलं. वर पंखा घरघरतोय, बाहेर शटर अर्धं खाली, आणि तुम्ही हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसलाय. पडद्यावर काळ्या कपड्यातली, तोंडाला मास्क लावलेली माणसं आली आणि तुम्ही पहिल्यांदाच बोललात. ‘ही तर रेस्क्यूवाली हायेत.’ मी म्हटलं, तसंच समजा. मग थोड्या वेळानं, ‘ह्यातली तू कुठली गो?’ मी म्हटलं, सगळ्याच. एक मेला की बटण दाबायचं, दुसऱ्यात जायचं. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं खेळत होते. दाराआड शत्रू किती आहेत ते कळत नसलं की एक माणूस सरळ आत पाठवायचा, तो पडला की कुठून गोळी आली ते कळतं, मग बाकीच्यांनी जायचं. मी तसा एक पाठवला. तो पडला. तुमचा हात माझ्या खांद्यावर आला, जोरात, दुखलं मला.

‘नुसता बघायला मानूस पाठवतात?’

आवाज तुमचा नव्हताच. मी काहीतरी उलट बोलायला तोंड उघडलं आणि मग आठवलं, तुम्ही काकांना काय सांगून आत पाठवलं होतं ते. तुम्ही म्हणालात, ‘ऊठ. मला दाव कसा चालवायचा.’

मग रविवारचा तो नेमच झाला. आई आपल्याला डबा बांधून द्यायची, जणू काही आपण कामालाच निघालोय. तुमची जाडी बोटं दोन कळा एकदम दाबायची, माणूस भिंतीला तोंड लावून चालत राहायचा, आणि तुम्ही त्याला ‘वळ ना भडव्या’ म्हणायचात. मला हसू यायचं. कित्येक महिन्यांत तुमच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती, आणि ती ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण तुमचा खेळ मात्र एकाच तऱ्हेचा. नकाशावर सगळ्या तुकड्यांना बाहेर थांबायला लावायचं आणि स्वतः जो माणूस चालवताय त्याला एकट्याला दारातून आत न्यायचं. आत गेलं की गोळी. बाकीचे आपले बाहेर हुकमाची वाट बघत उभे. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एकदा माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, बाबा, जो सगळ्यांना चालवतो त्यानं मागं राहायचं असतं, तो गेला तर बाकीच्यांनी काय करायचं? तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ‘सायबपन हेच बोल्ला,’ म्हणालात, आणि परत पहिल्यापासून सुरू केलंत.

मी तुम्हाला का खेळू देत होते, ते आज सांगते. मला वाटायचं, इतक्यांदा आत जाऊन मेलात की एक दिवस तुमचं तुम्हालाच पटेल, की आत जाण्यात अर्थ नसतो. साहेबांनी सांगून पटलं नाही, आईनं शपथा घालून पटलं नाही, ते ह्या यंत्रानं पटवावं. विसाव्या वर्षी माणसाला असल्या युक्त्या फार हुशारीच्या वाटतात.

पण तुम्ही शिकत गेलात. हळूहळू बोटं वळायला लागली. दाराशी थांबून, कानोसा घेऊन, भिंतीच्या कडेनं सरकायला लागलात. उन्हाळ्यातला एक रविवार, बाहेर रस्ता तापलेला, क्लासात आपण दोघंच. तुम्ही नेहमीसारखं सगळ्यांना बाहेर उभं केलंत आणि एकटे आत शिरलात. जिना चढलात. पहिली खोली, दुसरी खोली. शेवटच्या खोलीत कोपऱ्यात एक माणूस गुडघ्यावर बसलेला होता, हात डोक्यामागं. तुम्ही त्याच्याजवळ गेलात, तो उठला आणि तुमच्यामागून चालायला लागला. जिना उतरून, दार ओलांडून, तुम्ही त्याला उजेडात आणलंत. पडद्यावर अक्षरं आली, मोहीम फत्ते. तुमच्या बाजूचा एकही माणूस गेला नव्हता. मी टाळी वाजवायला हात उचलले, आणि तुमच्या तोंडाकडं बघून तसेच खाली घेतले. तुम्ही रडत होतात. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी.

‘बघ,’ तुम्ही म्हणालात. ‘जाऊन येता येत व्हता.’

मी म्हटलं, ‘बाबा, हा खेळ आहे. ह्यात वायू नसतो.’

‘ठाऊक हाय.’

तुम्ही डोळे पुसलेत, डबा पिशवीत घातलात, आणि शटर ओढायला मला मदत केलीत. वाटेत एका ओळखीच्याशी पावसापाण्याच्या गप्पाही मारल्यात. पुढच्या आठवड्यात कामावर गेलात. आईनं देवाला साखर ठेवली. तिला वाटलं माणूस बरा झाला, आणि मी तिचा आनंद मोडला नाही. कंपनीत तुम्ही स्वतःहून स्टोअरमध्ये बदली मागून घेतलीत, पाने आणि हातमोजे देण्याघेण्याच्या कामावर, जिथं कुणालाही कुठंही पाठवायला लागत नाही. त्यासाठी पगारवाढही सोडलीत. खेळाला पुन्हा बसला नाहीत. गावाला जायचं नाव काढलं नाहीत. थोड्याच वर्षांत एका तापाचं निमित्त झालं, आणि डॉक्टर म्हणाले, ह्यांनी जराही झुंज दिली नाही.

बाबा, जे बोलायचं राहिलं ते हे. काका गेले त्या दिवशी कंपनीचा भोंगा अवेळी वाजला तेव्हा मी क्लासात होते. सगळा बाजार एकदम थांबला. मी चपला न घालता धावत सुटले, पुढं एका टेम्पोवाल्यानं बसवून घेतलं. गेटपाशी बायकांची गर्दी, आणि माझ्या शेजारी काकू, त्यांच्या हाताला अजून पीठ. आतून एकजण आला आणि त्यानं नाव सांगितलं. तुमचं नव्हतं. काकू जागच्या जागी खाली बसल्या. मी त्यांना धरलं, पाणी मागवलं, जे करायचं ते सगळं केलं, पण आतून मी आनंदानं नुसती थरथरत होते. माझा बाप बाहेर उभा होता. माझा बाप घरी येणार होता. तुम्ही बरोबर केलंत की चूक, ह्यात मी कधी पडलेच नाही, मला त्याची गरजच वाटली नाही.

हा कागद आईला दाखवणार नाही, आणि तुम्हाला तर पोचवायची सोयच नाही. फाडून चुलीत घालीन, किंवा नाही घालणार. तुम्ही घरी आलात एवढं आम्हा दोघींना जन्मभर पुरलं असतं. तुम्हाला ते पुरलं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.