स्वभाव : अडेल

रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा
१८ जून २०२५

चि. रुपेश यास अ. उ. आ. वि. वि. काही नाई, सरळ भांडण आहे.

अन् वरून, चार ओळीच्या चिठ्ठीसंगं धाडलेल्या त्या कागदात तू लिहितं, स्वभाव अडेल! नावाच्या रकान्यात सखू. जातीच्या रकान्यात खेचर, मादी. वय सोळा, रंग काळपट तांबडा, अन् सगळ्याच्या खाली, स्वभाव अडेल. तुह्या भाचीनं, खुशीनं, ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं तवा पोस्टमन अजून पायरीवरच होता. तुहे भाऊजी इतके हासले का त्याईले ठसका लागला, पाणी द्या लागलं. अरे, सख्ख्या बहिणीचं नाव चार पायाच्या जनावराले देतं तू? तुह्या पलटणीत नावं संपलती का? म्हणजे अकरा वर्षांपासून तिथले सगळे जवान सखूले बांध, सखूले हाण, सखूची लीद काढ करून राह्यले. मले इथं बसल्या-बसल्या उचक्या काऊन लागते ते आता समजलं.

अन् म्हणतं का सही कर. कशावर सही करू? पशू आमरण सांभाळीन, ओझ्याले लावणार नाई, विकणार नाई, अन् मेल्यावर लेखी कळवीन. माह्या सासूच्या बाबतीत एवढं लेखी कोनी घेतलं नव्हतं. आम्ही भाजीवाले लोक. वांगे, मेथी, हिरव्या सांबाराच्या जुड्या बांधून आर्वीच्या बाजारात नेतो तवा चूल पेटते. तुही सखू एका घासात माह्या दोन वाफ्याचा सांबार खाईन. दूध देत नाई, पिल्लू देत नाई, पोळ्याले तोरणाखाली उभी करता येत नाई. लोक विचारतीन का हे काय बांधलं, तं काय सांगू, माही मावळण आहे?

मी सही करणार नाई. कागद फडताळात उताणा पडला आहे.

पण एक सांग. अकरा वर्षं तिच्याकडून काम घेतलं, मंग आता काढून काऊन राह्यले? तिचं काम कोन करणार? अन् तिच्या मांगं-मांगं चालणारा तू, तुहं काय? ते तू चार ओळीत कुठंच लिहिलं नाई. फोनवर विचारावं तं तू हो बाई म्हणतं अन् रेंज जाते. म्हून कागदावर लिही.

तुही बायको सपना अन् तुमची पोरगी आर्वीले मजेत आहे, मागच्या बाजारी भेटल्या. गुडघ्याले तेल लावत जाजो. राग आहे, पण माया त्याच्या खालीच आहे, कुठं जात नाई.

तुही दोन पायाची बहीण
सखू


मार्फत ५६ एपीओ
१ जुलै २०२५

ती. बाईस रुपेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. आधी पोटभर हसलो, मग लाज वाटली. वासुदेवराव भाऊजींना ठसका माझ्यामुळे लागला, त्यांची माफी मागतो.

नावाचं सांगतो. ती नवी आली तेव्हा तिला फक्त खुरावरचा नंबर होता. पहिल्याच बर्फात आम्ही वरच्या पोस्टला आटा घेऊन चाललो होतो. मध्येच ती पाय रोवून उभी राहिली. ओढलं, ढकललं, मागून दोघांनी काठ्या घातल्या. ती हलेना. मी शिव्या देत होतो आणि समोरची पन्नास पावलं वाट आमच्या डोळ्यांदेखत खाली दरीत गेली. त्या वेळी मला मामाच्या लग्नाची ट्रॅक्स गाडी आठवली. नाल्याला पूर होता, सगळे म्हणत होते बसा-बसा, निघून जाऊ, आणि तू मला मांडीत घेऊन चिखलात बसकण मारली होती. ती ट्रॅक्स पुढे कुठे सापडली ते तुला माहीत आहे. मग त्या खच्चरीला (इकडे खच्चरच म्हणतात) दुसरं कोणतं नाव देणार होतो?

या अकरा वर्षांत तिच्या पाठीवर रॉकेल वर गेलं, पाणी गेलं, एकदा गणपतीही गेला. खाली येताना आजारी माणसं आली. दोनदा जी आली ती आजारी नव्हती.

आता वर मोठे ड्रोन सामान टाकतात. आमची दीड दिवसाची चढण ते वीस मिनिटांत करतात. आणि एक चार पायांची मशीन आली आहे. बॅटरीवर चालते, पायऱ्या चढते, बर्फात घसरत नाही. तिलाही म्यूलच म्हणतात, म्हणजे खच्चरच. दाखवायला आलेले साहेब म्हणाले की तिचा सगळ्यात मोठा गुण हा की ती अडत नाही.

म्हणून इथली म्हातारी जनावरं कमी करणार आहेत. ज्याला घेणारं घर मिळेल त्याचा कागद होईल, बाकीची एका लॉटमध्ये जातील. लॉट कुठे जातो ते मी विचारलं नाही. कागद २० ऑगस्टच्या आत इथे पोचला पाहिजे. सरपंचाचं पत्र आणि दोन साक्षीदार लागतात.

माझी काळजी करू नको. ड्रोनच्या कोर्सला नाव दिलं आहे, बारा आठवड्यांचा आहे. बसून काम, गुडघ्याला आराम. सपनाही खूश आहे.

सखूसाठी सही कर, बाई. खुशीला आशीर्वाद. तुझ्या शिव्या वरचेवर येऊ देत, त्यावरच आम्ही तगून आहोत.

तुझा
रुपेश


रोहणा
१२ जुलै २०२५

चि. रुपेशले अ. उ. आ.

मी ते बिनडोक्याचं पाह्यलं. खुशीनं मोबाईलवर परेडीचं काढून दाखोलं. मुंडी कापलेली बकरी उठून चालून राह्यली असं वाटलं मले. कान नाई, शेपूट नाई, तोंडच नाई तं गूळ कुठं देजो? अन् लोक टाळ्या वाजवून राह्यले. शिसारी आली. खुशी म्हणे आई, ते ओझं वाहाले आहे, चांगलं आहे. मी म्हटलं असन, पण ज्याले तोंड नाई त्याले नाई म्हणता येत नाई, अन् हेच तुह्या साहेबाले आवडलं.

ते एक वेळ राहू दे. दुसरं सांगते, तिथून माहं जेवण गेलं आहे.

मंगळवारी बाजाराले जाले मी जुड्या घेऊन बंडूजीच्या पानठेल्यापाशी ऑटोची वाट पाहात उभी होती. पाच-सात माणसं मोबाईलात मुंड्या घालून होते. मीही पाह्यलं. कुठल्यातरी दूरदेशीची लढाई. उघडं वावर, त्यात एक जळकं झाड, अन् झाडाच्या आडोशाले एक जवान, एकटाच. वरून ड्रोन. तो झाडाच्या इकडे गेला का ते इकडे, तो तिकडे गेला का ते तिकडे. घाईच नव्हती त्याले. मंग तो माणूस दमला अन् खाली बसला. त्यानं हात आडवा धरला. आपण जेवताना पोळी नोको म्हून ताटावर धरतो ना, अगदी तसा. तरी वाढलं त्याले. अन् ठेल्यावरचे हे वयानं वाढलेले बाप्ये ओरडले, आऊट!

मी बंडूजीच्या हातातला मोबाईल घेतला अन् पानं भिजवाच्या बादलीत टाकला. हो, टाकला. तो बोंबलत घरी आला, तुहे भाऊजी हात जोडून राह्यले होते, मी जोडले नाई. त्याले सांगतलं, तुह्या घरचा असता त्या झाडाखाली तं काय म्हटलं असतं? थू तुमच्या आऊटवर.

आता मुद्द्याचं. तू लिहितं ड्रोनचा कोर्स, बसून काम. कोणतं ड्रोन? आटा टाकणारं का त्या झाडावालं?

इथंही ड्रोन आलतं, शेजारच्याच्या कपाशीवर फवाराले. चालवणारा बांधावर कडुनिंबाच्या सावलीत बसला होता. वारा फिरला, औषध माह्या मेथीवर आलं, चार वाफे पिवळे. त्याले बोलली तं म्हणे काकू, स्क्रीनवर तं बरोबर दिसत होतं. पाठीवर पंप घेऊन फवारणारा माणूस वारा फिरला का आपोआप थांबते रे, कारण औषध पहिले त्याच्याच तोंडावर येते. सावलीतल्याले काऊन थांबावं वाटन?

सपनाचं चुकत नाई. तिले तुहा गुडघा दिसते. तिनं ते झाड पाह्यलं नाई.

दरवर्षी मी आखाड लागला का राखी पोस्टात टाकते, तुह्यापर्यंत पोचाले उशीर लागते म्हून. यंदा टाकली नाई. आणून ठेवली आहे, पण कोणत्या हाताले बांधून राह्यली ते मले आधी समजू दे. सहीचंही तसंच. तू सांगतल्याशिवाय मी काहीच सांगणार नाई.

हे पत्र खुशीले दाखोलं नाई, चुका तशाच आहे. जीव खाली-वर होते म्हून एवढं कडू लिहिलं, गोड मानून घेजो.

सखू


मार्फत ५६ एपीओ
२४ जुलै २०२५

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

तू सरळ विचारलं म्हणून सरळ लिहितो. सपनाला सांगू नको.

आधी सामानाचं ड्रोन. पुढे जे सांगतील ते. कोर्सला नाव दिलेल्या आम्हा सगळ्यांची मागच्या आठवड्यात परीक्षा घेतली. दगडाच्या आड पेंढ्याचं बुजगावणं उभं केलं होतं, लहान ड्रोनने त्याच्यावर जायचं. वारा वाकडा होता. सगळे चुकले, माझं लागलं. उस्ताद म्हणाले की असा हात त्यांनी पाहिला नाही. मला नवल वाटलं नाही. सतरा वर्षं वरच्या पोस्टच्या खिंडीत चाललो आहे, कोणत्या वळणावर वारा कुठून येतो हे माझ्या कानाला कळतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुजगावण्याला कोणीतरी जुना कोट घातला होता. जवळ जाऊन पाहिला, माझ्याच मापाचा होता.

नंतर तबेल्यात गेलो. सखूने रोजच्यासारखा गूळ खाल्ला आणि माझा खिसा हुंगला. तिला काय कळतं.

पण बाई, एक तूही समजून घे. समोरचा हे शिकलाच आहे. मे महिन्यात टीव्हीवर तूही पाहिलंस. उद्या वरच्या पोस्टवर शेकोटीजवळ बसलेल्या आमच्या माणसांवर तसंच काही आलं, तर ते पाडायलाही कोणाचा तरी हात लागेलच. मी नाही म्हटलं तर दुसरा बसेल, आणि त्याला वारा कळत नसेल. बंडूजीच्या ठेल्यावरचे ओरडतात ते मलाही ओंगळ वाटलं. पण इथे कोणी ओरडत नाही. इथे गप्प असतात.

माझी पेन्शनची वर्षं भरली आहेत. कोर्सला जायचं की घरी यायचं, हे ३१ ऑगस्टपर्यंत लिहून द्यायचं आहे. मी दोन्ही कागद भरून ठेवले आहेत. एकावरही सही नाही.

तू सखूचं कर. माझं मग पाहू. भाऊजींना नमस्कार, मेथीचं वाईट वाटलं. राखी नाही आली तरी मनगट तुझंच आहे.

रुपेश


रोहणा
३ ऑगस्ट २०२५

चि. रुपेशले अ. उ. आ., यावेळी मोजून नाई, भरपूर.

कागदावर सही केली. स्पीड पोस्टानं काल गेला, पावती जपून ठेवली आहे. सरपंच दोन दिवस उद्या या, उद्या या करत होते. तिसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीच्या पायरीवर भाजीची टोपली घेऊन बसली अन् म्हटलं, आता इथंच दुकान लावते. अर्ध्या घंट्यात पत्र भेटलं. साक्षीदार दोन लागत होते. एक तुहे भाऊजी. दुसरा कोन असन सांग? बंडूजी! त्याचा मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून सुरू झाला. सही केली अन् जाताना म्हणे, वहिनी, तो हात मलेही दिसते आता. मी चहा दिला त्याले.

खुशी म्हणत होती का स्वभाव अडेल खोडून शांत लिहू, नाई तं नापास करतीन. मी म्हटलं हात लावजो नोको. तेवढंच एक त्या कागदात खरं आहे.

गोठ्याचा कोपरा साफ केला. तुहे भाऊजी म्हणते का पोळ्याच्या तोरणाखाली बैलच राह्यते, खेचर उभं केलं तं गाव हासन. हासू दे. पुढच्या पोळ्याले आंगणात उभी करीन, पाय धुवीन, पुरणाची पोळी चारीन. कोनी विचारलं तं सांगीन का हिनं माह्या भावाले दरीतून मांगं ओढलं, तुह्या बैलानं काय केलं?

आता तुहं. तू लिहिलं समोरचा शिकला आहे. ते खोटं नाई. त्याचं उत्तर मले येत नाई, मी चौथी शिकली. वर बसलेले ते लेकरं कोनाचे तरी भाऊच आहे, त्याईच्यावर काही आलं तं ते पाडजो नोको हे मी कोन्या तोंडानं सांगू. चार दिवस भाजी निवडता-निवडता हेच घोळत होतं डोक्यात. तू लिहिलेलं मी कमी धरलं नाई.

पण मंग तुहं पत्र पुन्हा काढलं. अरे, तो कोट तुह्याच मापाचा होता हे तू काऊन लिहिलं? मी विचारलं नव्हतं. जवळ जाऊन पाह्यला म्हणतं. बाकीचे टाळ्या वाजवत होते, तं तू तिथं कोटाचं माप काऊन घेत होता? दोन कागद भरले अन् एकावरही सही नाई. हाताले इतका वारा समजणारा माणूस एका सहीपाशी थांबून राह्यला. रुपेश, तू अडला आहेस. सखूनं पाय रोवले तवा तूच शिव्या देऊन काठ्या घालत होता, आता स्वतःलेच घालून राह्यला. काठी खाली ठेव अन् समोरची वाट पाह्य.

हे समजून घे का मी तुले घरी ये म्हणत नाई. ये म्हटलं असतं तं तू आयुष्यभर म्हटलं असतं, बाईनं आणलं. तू तुह्या मनानं सही कर. कोर्सच्या कागदावर केली तरी तू माहा भाऊच आहेस, मी तोंड फिरवणार नाई. पण मंग मले तसं सरळ लिही, बसून काम म्हून लिहिजो नोको.

राखी यात आहे. उशिरा पोचली तरी बांधून घेजो, आपल्याकडे पोळ्यापर्यंत चालते. आधी सही, मंग राखी. ज्या हातानं सही करशीन त्याच हाताले बांधजो.

पोळा शुक्रवारी आहे, बावीस ऑगस्टले. त्या दिवशी बैल तोरणाले गेले तरी मी जाणार नाई, पोस्टमन येईपर्यंत पायरीवरच बसून राहीन. फोन नोको, निरोप नोको. तुह्या हातची चिठ्ठी पाह्यजे, एका ओळीची असली तरी चालते. सखू येऊन राह्यली हे मले माहीत आहे. तिच्या दोरीचं दुसरं टोक कोनाच्या हातात राहीन, तेवढं लिही.

तुही, स्वभावानं अडेल,
सखू