मन खंय गेल्ला?

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, आणि आज बसले आहे ती काही कौतुकाचं सांगायला नाही. मी दमले आहे. दुपारचे चार वाजलेत. तुझा जावई औषधाच्या गुंगीत पडलाय, शेजारच्या घरात पर्यटक उतरलेत त्यांची गाणी चालली आहेत, आणि मला पाऊण तास मोकळा मिळालाय. खरं तर मी आडवं व्हायला हवं. पण मनात एक गोष्ट आहे. ती पाद्रींना सांगता आली नाही, मुलाला फोनवर सांगता येणार नाही, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या कानावर पडू द्यायची नाही. राहिलीस तू.

तुझ्या माघारी बरंच झालं. चार वर्षांपूर्वी तुझ्या जावयाला अर्धांगाचा झटका आला. मालवणच्या बंदरावरून भाडं घेऊन येत होता. रिक्षा नीट बाजूला लावली आणि मगच कलंडला. स्वभाव तुला माहीत आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली. रिक्षा अजून मागच्या दारी ताडपत्रीखाली उभी आहे, विकू या म्हटलं की डोळ्यांत पाणी आणतो. त्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही, माझं नाव घेता येत नाही. पण संध्याकाळी सातच्या घंटेला मी जपमाळ घेऊन तेर्स सुरू केली, नमो मरियेचा पहिला अर्धा भाग म्हटला, की पुढचा अर्धा तो घडाघडा म्हणतो. एक शब्द चुकत नाही. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून पाठ असलेलं कधीकधी असं शिल्लक राहतं. राहो बापडं. सुरुवातीला मला तो चमत्कार वाटला होता. आता दिवसभरात त्याचे धड शब्द कानावर पडतात ते तेवढेच, आणि तेव्हाही मी नीट ऐकत नसते.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पाद्री त्याला कम्युनियन द्यायला येतात. तरुण आहेत, मनाने चांगले. गेल्या खेपेला मी म्हटलं, फादर, प्रार्थनेत मन लागत नाही. ते म्हणाले, मन देहाच्या गोष्टींत गुंतलं की शांती जाते. ते आत्म्याकडे लावा, शांती आपोआप येईल. खोटं नाही सांगितलं त्यांनी. पण मला असा राग आला! देहाच्या गोष्टी सोडून माझ्याकडे आहे काय? सकाळी कूस बदलायची, डायपर, पाठ पुसून पावडर, पेज गाळून चमच्याने भरवायची, दुपारी पुन्हा कूस. आत्म्याची पाळी यायच्या आत माझे डोळे मिटतात. मी नुसतं ‘हो फादर’ म्हटलं आणि त्यांना कोकम सरबत दिलं.

ते गेल्यावर तुझी तेर्स आठवली. कट्टा गावच्या घरातलं स्वयंपाकघर, चुलीवर पेज रटरटतेय, आम्ही चार भावंडं पाटांवर आणि तुझ्या हातात हीच माळ. तिसऱ्या फेऱ्यातला एक मणी हरवला तेव्हा पप्पांनी आपल्या शिलाईच्या दुकानातलं शर्टाचं बटण ओवून दिलं होतं, ते अजून आहे. दहा मण्यांचा एक फेरा झाला की तू थांबायचीस आणि कुणातरी एकाकडे बघून विचारायचीस, “मन खंय गेल्ला?” दुसऱ्यांच्या घरी मूल चुळबुळलं की त्याला चिमटा मिळायचा. आमच्याकडे खरं सांगावं लागे, आणि मन जिथे गेलं असेल त्याच्यासाठीच पुढचा फेरा म्हणायचा. धाकट्याचं मन एकदा तव्यावरच्या बांगड्यात सापडलं. आम्ही हसून लोळायला लागलो. तू हसली नाहीस. “बांगडो धरणारो दर्यात आसा,” म्हणालीस, “तेच्यासाठी म्हणा दहा.”

मी नऊ वर्षांची असेन, तू मला विचारलंस आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “देवाकडे.”

“देवाकडे?” तू माळ मांडीवर ठेवलीस. “मगे आमच्यात कित्याक बसलंस? तू पोचलंस गो बाय. ऊठ, भांडी घास.”

सगळे हसले. मी मागच्या पडवीत रडत टोप घासत बसले. थोड्या वेळाने तू आलीस, शेजारी उकिडवी बसलीस आणि माझ्या हातातला काथ्या घेऊन स्वतःच घासू लागलीस. म्हणालीस, “मन जातलाच. आपला वासरू शेजाऱ्याच्या मळ्यात जाता मा? तेका कोण मारता? दाव्याक धरूचा आणि घराक हाडूचा. पण खंय गेल्ला ता आधी कळाक होया.” मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. माझं मन मैत्रिणीच्या नव्या फ्रॉकमध्ये होतं, ते मात्र मी तुला सांगितलं.

पुढे पप्पा अंथरुणाला खिळले आणि तू पाच वर्षं त्यांचं सगळं केलंस. मी अधूनमधून यायचे, डब्यात माशांची आमटी घेऊन. अशाच एका संध्याकाळी आपण दोघीच तेर्सला होतो. मी थट्टेने म्हटलं, “माय, तुजा मन खंय गेल्ला?” तू अंगठा बटणावरून फिरवत राहिलीस. आतल्या खोलीत पप्पा खोकत होते. मग म्हणालीस, “ता सांगूचा नाय. पण दहा तेच्याचसाठी म्हण.” मला वाटलं, घरावरची कौलं फुटलीत त्याची काळजी असेल. मालवणची गाडी चुकू नये म्हणून मी दहा नमो मरिये भराभर उरकले.

आता मला कळलंय, माय, तुझं मन कुठे गेलं होतं. माझंही तिथेच जातं. तिसऱ्या फेऱ्याला, बटणाच्या आसपास, मला त्याची खाट दिसते. रिकामी. धुतलेली चादर ताणून घातलेली आहे, खिडकी उघडी आहे, औषधांचा वास नाही. मी त्या खाटेवर झोपले आहे आणि मला कोणी उठवत नाही. त्याच्या मरणाचा विचार मी करत नाही, नुसती खाट बघते, अशी मी माझी समजूत घालते. पण खाट रिकामी कशी झाली हे न कळण्याइतकी मी लहान नाही. मग लाज वाटते, स्वतःची किळस येते, आणि मनाला मी झोडपत परत आणते. दोन वर्षं हेच चाललंय. झोडपलेलं मन दुसऱ्या दिवशी आणखी लवकर पळतं.

काल तिसरा फेरा संपल्यावर मी थांबले. विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने म्हटलं, “मन खंय गेल्ला?” त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी पुढचा मणी धरला आणि चौथा फेरा त्या खाटेसाठी म्हटला. अर्धं माझं, अर्धं त्याचं, दहा वेळा. झालं काही नाही. शेजारची गाणी चालूच होती, डायपर बदलायचा होताच. पण तेवढा वेळ मन कुठे पळालं नाही, कारण जिथे पळायचं तिथेच देवाला घेऊन मी बसले होते. खूप दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. जाडसर, भाड्यासाठी घासाघीस करणारा आवाज. पाद्री म्हणतात ती शांती एवढीच असेल तर मला पुरे आहे, जास्तीची मला पेलायची नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, चुरगळून बंबात जाईल. तो जागा झालाय, कूस बदलायला हवी. एकच राहिलं. काल फेरा संपल्यावर त्याने डावा हात उचलून माझ्या हातातल्या माळेवर ठेवला आणि किती तरी वेळ काढला नाही. माझं मन कुठे गेलं होतं ते मी त्याला सांगितलं नाही, माय. आणि त्याचं कुठे जातं, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.