बांधाची माती

११ मार्च १९९७, वरसे

धाकट्या खारीला जाऊन आले. रोह्याहून गाडीने पेण, पुढे सहा आसनी रिक्षा. बालवाडीच्या आतल्या भिंतीवर पांढरं काहीतरी फुललं आहे. आधी वाटलं, चुना सुटतोय. बोट लावलं तर पीठ झरझर खाली आलं.

मुलं रांगेने भिंतीला जीभ लावत होती. चांगुणा, आमची बालवाडीची सेविका, एकेकाला दंडाला धरून मागे ओढत होती. "ए, कुल्फी हाय का ती?" मला पाहून हसली. पण डोळे दुसरीकडे.

लोणा आहे, भिंतीतून फुटणारं मीठ. जोत्यापासून पार खिडकीपर्यंत.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय म्हणते तुझी भिंत?" म्हटलं, "थंड आहे." खोटं नव्हतं.

१४ मार्च

मेधा पुण्याहून आली. बहिणीची मुलगी, पण हल्ली तिच्याशी मावशी म्हणून कमी आणि बालवाड्या बांधणाऱ्या आमच्या मंडळाची सेक्रेटरी म्हणून जास्त बोलते मी. बालवाडीचा आराखडा तिचाच: जांभ्याच्या भिंती, आतून मातीचा गिलावा, वर चुना, छपराला कौलं. आधी ही मुलं पत्र्याखाली बसायची, एप्रिलमध्ये एखादं तरी भोवळ येऊन पडायचं. आता दुपारी शांत झोपतात. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप. हे एक उभं राहिलं की निडीची शाळाखोली, मग आणखी कुणी...

मेधाने पोपडा खरवडला. चुन्याखाली लाल माती असायला हवी होती, गागोद्याकडच्या डोंगरातून टेम्पोने आणलेली. निघाली करडी, काळसर, चिकट.

"मावशी, ही आपली माती नाही."

मला ती माती ओळखू आली होती.

१६ मार्च

चांगुणाला एकटीला गाठलं. लपवलं नाही तिने. डिसेंबरात ह्यांच्या दम्यामुळे मी दवाखान्यात अडकले होते, मेधा पुण्याला. तेव्हा बायकांनीच गिलावा उरकला. खाडीच्या बांधाच्या मातीने.

इथली रीत मला माहीत होती. नवं घर बांधलं की जोत्यात बांधाची पाटीभर माती घालायची. बांध आहे म्हणून शेत आहे, घर आहे. मीच डिसेंबरच्या आधी कौतुकाने म्हटलं होतं, घाला हं तुमची पाटी.

"पाटीनं काय व्हतंय बाई? पोरांचं घर ते. आमी सगळी भिंतच लिंपली. बांध दर्याला थोपवतो, मग पोरांच्या पाठीला तीच माती नको? ती तुमची लाल माती कुठली कोणाची..."

"आणि ती लाल माती कुठे गेली गो?"

"तुळशींना घातली. झ्याक आल्यात तुळशी."

दर्याला थोपवणारी माती दर्याचं मीठ पोटात घेऊनच थोपवते, हे तिला ठाऊक नाही असं थोडंच आहे. मिठागरावर जन्म गेला तिचा. पण माया लावताना कुणी असा हिशेब करत नाही.

निघताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, सरपंचाला कळलं तर माजी बालवाडी जाईल."

२३ मार्च, होळी

खारीतच होते. होळीभोवती कुणी कुणाला काही बोललं तरी राग मानायचा नाही. दिलीप कंत्राटदाराने संधी साधली. ह्याच बालवाडीचं काम स्लॅबचं करून त्याला हवं होतं, ते आमच्यामुळे हुकलं. बोंब मारून ओरडला, "बाईंनी उभं मिठागर काढलं रे! पाऊस नको, खाडी नको, भिंतीतनं मीठ काढा नि आमटीत घाला!"

सगळे हसले. मीही हसले. चांगुणा मात्र विस्तवात पाहत उभी होती.

२९ मार्च

सरपंचांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण निवडणूक जवळ आहे. म्हणाले, "बाई, लोकं विचारतात. एक मेच्या ग्रामसभेत घेऊ विषय. पाडून स्लॅबचं करायचं तर पावसाआधी केलं पाहिजे." मग खुर्ची पुढे ओढून: "खरं सांगा, चूक तुमच्या पद्धतीची का कामातली? कामातली आसल तर नाव सांगा. मी बघतो त्याच्याकडं."

म्हटलं, मेधाशी बोलून सांगते.

बाहेर आले तर बालवाडीच्या दारात खडीचा ढीग. सभा अजून व्हायची आहे, आणि खडी येऊन पडलीसुद्धा.

३१ मार्च

निडीच्या मंडळींचा निरोप. आत्ता थांबतो म्हणाले. खारीचं काय होतं ते पाहू.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. दुपारी घरात बसवेना. आमचं हे ह्यांच्या कंपनीच्या कर्जातून बांधलेलं घर, वर स्लॅब, भिंती एका विटेच्या. त्या वेळी किती अभिमान वाटला होता. आता हे गच्चीवर ओली पोती टाकून खाली पंख्याखाली श्वास मोजत बसतात.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेचा लांब व्हरांडा आठवला. मे महिन्यातही फरशी गार. चुन्यात निळीचा थेंब टाकून भिंती रंगवायचे, त्याचा ओला वास. आम्ही मुली गाल टेकवून उभ्या राहायचो आणि सिस्टर अ‍ॅग्नेस ओरडायच्या, "गर्ल्स! भिंतीला आधाराची गरज नाही!" मला वाटतं माझं हे सगळं वेड त्या व्हरांड्यातूनच आलं. मुलांना आरोग्य, गावांना चांगली घरं, हे सगळं भाषणातलं. खरं म्हणजे मला तो गारवा कुणालातरी द्यायचा होता.

मेधाचा फोन. सरळ बोलली.

"मावशी, सभेत तू सांगायचंस. माती बदलली म्हणून लोणा आला, पद्धत बरोबर आहे. नाहीतर सगळ्या तालुक्यात मातीच्या गिलाव्याचं नाव कायमचं जाईल. पुन्हा कुणी हात लावणार नाही."

"आणि चांगुणा?"

"तिने चूक केली ना?"

"केली."

"मग? तू नाही बोललीस तर मी येऊन बोलेन."

तिचं चूक नाही. हीच तर पंचाईत आहे.

१२ एप्रिल

मनात सारखं उलटसुलट. सांगितलं तर भिंत वाचेल, चांगुणा जाईल. आणि ती गेली की बाकीच्या बायका? ज्यांनी प्रेमाने लिंपलं त्यांनाच चारचौघांत दोषी ठरवायचं, आणि पुन्हा म्हणायचं, चला गं, निरोगी गाव करू?

नाही सांगितलं तर भिंत पाडणार. मुलं स्लॅबखाली. निडी गेलं. मेधाची दोन वर्षांची मेहनत...

सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, सत्य अर्धं सांगू नये. पण त्यांनी हे नाही सांगितलं की ते कुणाच्या अंगावर टाकायचं असतं.

२३ एप्रिल

काल पौर्णिमेचं उधाण. सकाळी बालवाडीत होते, एवढ्यात बांधाकडून हाक आली: "खांड पडली! खांऽऽड!" बांध फुटून खाडीचं पाणी आत शिरत होतं.

ऐकून होते, पाहिलं काल. घरात कुणी उरलं नाही. घरटी एक माणूस, हातात पाटी. चुलीवरची भाकरी तव्यावर टाकून बाया धावल्या. सरपंच धोतर खोचून मांडीभर चिखलात. दिलीप त्याच्या पांढऱ्या पँटीसकट. त्याच्या हातातून पाटी घ्यायला कोण, तर चांगुणा. "जरा भरून दे रे, खडी नाय ही मापात मारायला!" तोही हसला.

दुपारी पाणी अडलं. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, कशामुळे पडली खांड? म्हणाला, कुणीतरी उघाडीचं, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या मोरीचं, दार नीट लावलं नव्हतं. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाव कुणी घेईना.

"नाव खांड भरल्यावर घेयाचं," तो म्हणाला. "आदी नाव घेतलं, तर दोन माणसं भांडणाला लागतात. तेवढ्या दोन पाट्या कमी."

घरी आले तरी साडीला चिखल. धुवायला टाकली नाही अजून.

३० एप्रिल

मेधा आली. जेवताना ह्यांनीच विषय काढला, "उद्या काय करणार आहात दोघी?" मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जबाबदारी माझी म्हणणार. पद्धतीची की कामाची, ते विचारलं तर... पुढचं वाक्य मला माहीत नाही.

"सरपंच विचारेपर्यंत मी थांबेन," मेधा म्हणाली. "विचारलं तर नाही थांबणार."

१ मे

आजचं आजच लिहून ठेवते.

सभा मारुतीच्या देवळात. झेंडावंदनानंतर म्हणून पुरुष सगळे हजर, बायकाही बऱ्याच, खांबाआड. पहिला विषय आमचाच. दिलीप उभा राहिला, खिशातून पुडी काढली, भिंतीचं पीठ. सगळ्यांना चाखायला दिलं. हशा. मग म्हणाला, "पोरं हे खाऊन आजारी पडली तर कोण बघंल?" हशा थांबला.

मी उठले. भिंत बिघडली आहे, ती जबाबदारी माझी, दुरुस्तीला एक संधी द्या, म्हटलं.

सरपंचांनी विचारलंच. "बाई, माती कुठली लावली व्हती?"

मी खांबाकडे पाहायचं टाळलं. मेधा उठायला लागली, तिच्या बांगडीचा आवाज ऐकला मी.

तेवढ्यात खांबाआडून हाक आली. "खांड पडली!"

अर्धी सभा उठून उभी राहिली. सवयीने. दोघेतिघे तर चपला शोधायला लागले. चांगुणा पुढे आली, पदर डोक्यावर.

"बसू नका. खांडच हाय ती. बांधाची माती लावली भितीला. मी लावली. हिनं, हिनं नि हिनंबी लावली, पन सांगितलं मी. नाव घेतलं मी माजं, म्हंजे आता भांडाया कोन नको. आदी भरा, मग काडा मना कामावरनं."

सरपंच म्हणाले, "चांगुणा, ही सभा हाय, बांध नाय."

"पोरं आपलीच ना आत?"

मग मेधा उठली. मला वाटलं संपलं. पण तिने दुरुस्ती सांगितली फक्त. लोणा धरलेला सगळा गिलावा खरवडायचा, गोड्या पाण्यात कालवलेल्या लाल मातीचा एक थर द्यायचा, तो मीठ ओढून घेतो. सुकला की तो काढून फेकायचा. मग खरा गिलावा. बाहेरच्या बाजूचा जांभा चांगला आहे.

"गोडं पानी?" दिलीप ओरडला. "मे म्हैन्यात? टँकरच्या पाण्यावर मानसं भांडतात इथं, नि भितीला पाजता?"

ह्यावर सगळीकडून कालवा. त्याचं म्हणणं खरंच होतं. चांगुणाचं उत्तर मात्र लिहून ठेवलंच पाहिजे: "नि तुजा स्लॅप काय थुकीवर पिकतो रं? त्याला महिनाभर पानी मारशील ते कोनाच्या हांड्यातलं?"

ठरलं एवढंच. घरटी पाटी तशी घरटी हंडा, ज्याला द्यायचा तो देईल. दसऱ्यापर्यंत भिंत पाहायची. लोणा पुन्हा आला तर पाडायची. चांगुणाचं काय, ते सरपंच म्हणाले, "तेबी दसऱ्याला."

परतताना गाडीत निडी स्टेशन आलं तेव्हा मेधा म्हणाली, "मी नाव घेणार होते, मावशी." मी तिचा हात हातात घेतला.

५ मे

खरवडायला सुरुवात. भिंतीचं पीठ पाट्यांनी बाहेर. हंडे आले, सगळ्या घरांतून नाही. काहींनी दारं लोटून घेतली, त्यांना दोष देववत नाही. दिलीपची आई स्वतः कळशी घेऊन आली, पोराच्या देखत. तो खडीच्या ढिगावर बसून विडी ओढत होता.

१९ मे

पहिला थर काढून फेकला. मीठ आलं होतं त्यात, पुष्कळ. मेधा खूष. दुसरा गिलावा लिंपताना बायकांनी मला फळीवर उभं केलं, "कानवेंटच्या बाई, हात फिरवा, नुस्तं बोट दाखवू नका." दुपारभर लिंपलं. मनगट सुजलंय.

जोत्यात मात्र बांधाची एक पाटी आहे ती तशीच ठेवली. मेधाने काढा म्हटलं नाही.

२ जून

हवा कोंदट, अंगाला चिकटणारी. अशा हवेतच लोणा डोकं वर काढतो म्हणून मुद्दाम गेले. खडी दारात तशीच, तिच्यात गवत उगवू लागलंय. निडीहून काही निरोप नाही. चांगुणाने कुलूप काढलं. शाळा उघडायची आहे अजून, आत कुणी नव्हतं. गार होतं.

भिंत साफ दिसली. हात फिरवला, पीठ नाही. खिडकीखाली एक डाग आहे, तळहाताएवढा. सावली असेल. ओल असेल.

चांगुणा म्हणाली, "बघता काय बाई, पोरांवानी बघा."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि बोट डागावर घासून जिभेला लावलं. तिनेही लावलं.

खारट लागलं. दोघी घामाने निथळत होतो. भिंतीचं की बोटाचं, तिला कळेना, मला कळेना.