टप मी शुद्धीत कापला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा जुन्या मोटारींचे टप कापून त्यांच्या उघड्या गाड्या करणे, आज सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणाच्या धाकाला वा गोड बोलण्याला न भुलता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते आणि आरंभीच नमूद करते की माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य लोक रिवाज म्हणून लिहितात. मला ते मुद्दाम लिहावे लागत आहे, कारण गेल्या वर्षी माझ्या पोटच्या मुलाने डॉक्टरांना घरी बोलावले आणि मी स्वयंपाकघरात आहे असे समजून त्यांना सांगितले, "आईचं काही खरं नाही, डॉक्टर. बाबांची गाडी कापली तिने."

डॉक्टरांनी मला समोर बसवले, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी म्हटले, "काढत जायचंच काम करते हो मी जन्मभर." ते हसले आणि त्यांनी दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. त्याला वर्कशॉप विकून तिथे गोदाम होऊ द्यायचे आहे, आणि माझ्या मागे 'आई भ्रमिष्ट होती' म्हणून मी करीन ते मृत्युपत्र कोर्टात मोडायचे, असे तो बायकोजवळ बोलला. बायकोने ते मला सांगितले, कारण तिला सासू कळते. तेव्हा मोडू म्हणता मोडणार नाही असे हे पत्र मी लिहीत आहे. भाषा थोडी कडक वाटली तर वाचणाऱ्याने पाणी पिऊन पुढे वाचावे.

कलम पहिले. वर्कशॉपच्या वरचे राहते घर, दोन खोल्या, गच्ची आणि जिना, हे माझ्या मुलाला द्यावे. तो तिथे लहानाचा मोठा झाला. ग्राइंडरच्या आवाजात अभ्यास होत नाही अशी तक्रार करत तो पहिल्या नंबराने पास होत गेला. आज बँकेत आहे, चांगला आहे, फक्त जरा जास्तच इस्त्रीचा आहे. माझी बँकेतली शिल्लकही त्याचीच. ती मोजायला त्याला आवडेल.

कलम दुसरे. खालचे वर्कशॉप, जागेसकट, पत्र्याच्या शेडसकट आणि दारावरच्या पाटीसकट, माझ्या सुनेला द्यावे. मुलाला नव्हे, मुला-सुनेला मिळून नव्हे, एकट्या सुनेला. ही सून लग्न होऊन आली तेव्हा बॅगा शिवत असे. आमच्या कापलेल्या गाड्यांना पावसासाठी कापडी हूड लागतो, तो मी शिवायचे. एक दिवस ती मशीनवर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुमची शिवण कोपऱ्यात ओढते." मला राग आला. राग खोटा नव्हता, कारण शिवण खरेच ओढत होती. त्या दिवसापासून हूड ती शिवते. पुढे वेल्डिंग शिकली, पुढे माझ्यापेक्षा सरळ टाका मारू लागली, आणि हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही ते इथे लेखी म्हणून ठेवते. मुलाने वर्कशॉपात खुशाल यावे, पण बायकोला विचारून यावे.

कलम तिसरे. हत्यारे: दोन्ही ग्राइंडर, करवती, वेल्डिंगचे यंत्र, जॅक, शिवणयंत्र, सगळी सुनेकडे. त्यांच्याबरोबर एक अटही तिच्याकडे जाते. गाडीच्या दाराच्या चौकटीत लोखंडी नळी आडवी वेल्ड केल्याशिवाय टपाला करवत लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, वरून प्रत्यक्ष गाडी बनवणारा येऊन उभा राहो. या अटीमागचा इतिहास पुढीलप्रमाणे आहे.

आमचे हे पत्र्याचे कारागीर. ठोकलेली गाडी त्यांच्या हाती दिली की ती कधी ठोकलीच नव्हती असे वाटे. आमचे लग्न झाले त्या वर्षी औषधवाल्याने त्याची जुनी कूपे आणली. कूपे म्हणजे दोन दारांची, पाठ उतरती असलेली बंद मोटार. दिसायला राजकन्या, आत बसले की भट्टी. औषधवाला म्हणाला, "हिचा टप काढता येईल का?" यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "काढायला काय जातंय?" एवढाच आमचा अभ्यास. गाडी पुढून आणि मागून जॅकवर उचलली, पोटाखाली काही नाही. हे आत बसून टपाला दोन्ही हात लावून होते, डोक्यात पडू नये म्हणून. मी शेवटचा खांब कापला, आणि गाडीने मधोमध कुरकुर करून चक्क बसकण मारली. दारे चौकटीत अशी आवळली की हलेनात. टप कसाबसा बाजूला सरकवला. हे अडकले म्हणावे तर वर मोकळे आभाळ! शेवटी सीटवर उभे राहिले, कुंपण ओलांडावे तसा एक पाय टाकला आणि बाहेर आले.

त्या वेळी रस्त्यावर हसायला माझे धाकटे दीर हजर होते. भाऊजींचे सुट्या भागांचे दुकान, आणि जुन्या गाड्यांचा भारी शौक. त्यांच्या शेडमध्ये तीन गाड्या चादरी पांघरून आहेत, त्यांना स्क्रूसुद्धा बाहेरचा चालत नाही आणि रस्ता तर मुळीच चालत नाही. ते चौकात ओरडून म्हणाले, "दादाने होडी केलीय. आता नदी शोधा." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, टप हा गाडीचा कणा असतो. कणा कापणाऱ्या बाईला वेडी म्हणतात."

कण्याचे त्यांचे म्हणणे खरे होते. टप नुसता सावलीसाठी नसतो, तो गाडीला वरून धरून ठेवतो. मग आम्ही कणा खाली नेला. आधी चौकटीत आडव्या नळ्या, मग दारांखालच्या पट्ट्यांत जाड पोलाद, मग गाडीच्या तळाखाली कैची, म्हणजे फुलीसारख्या दोन तिरक्या पट्ट्या, आणि हे सगळे झाल्यावर करवत. कापण्याआधी दाराच्या फटीत एक नाणे सरकवून पाहायचे. कापल्यावर तेच नाणे तसेच सरकले पाहिजे, ना सैल ना घट्ट. औषधवाल्याची गाडी आम्ही पुन्हा सरळ केली. तो ती म्हातारा होईपर्यंत हाकत होता, आणि त्याच्या टकलाचा रंग बदलला तेवढाच काय तो तोटा.

पण 'वेडी' हा शब्द मात्र मला चिकटला. चाळीस वर्षे भाऊजींनी तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात वापरला. मुलाने तो त्यांच्याच मांडीवर बसून उचलला. मला याचे वाईट वाटले. नाही वाटले असे म्हणण्याइतकी मी मोठी नाही.

कलम चौथे. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याने आमच्या गाड्यांत पावसाळ्यात मासे पाळता येतात असे गावभर उठवले. त्याला माझी मोरीतली फुटकी बादली द्यावी. गळणे कशाला म्हणतात ते तिच्याकडे पाहून त्याला समजेल.

कलम पाचवे. यांची कूपे. हे कलम नीट वाचावे, कारण भांडणाचे मूळ इथे आहे.

यांनी जगाचे टप कापले, स्वतःच्या गाडीचा कापला नाही. काळी कूपे, वडिलांकडून आलेली. दर उन्हाळ्यात खडूने खांबांवर रेघ मारायचे, लांब उभे राहून बघायचे आणि ओल्या फडक्याने पुसून टाकायचे. "पुढच्या वर्षी," म्हणायचे. मी म्हणायचे, "लोकांच्या गाडीला सुरी, आपल्या गाडीला फुंकर." ते हसायचे. आजारपणात अंथरुणावरून एकदा म्हणाले, "अगं, आपल्या गाडीतून वर बघायचं राहूनच गेलं." त्यानंतर त्यांना कधी गाडीत बसता आले नाही.

ते गेल्यावर मुलाने गिऱ्हाईक आणले. गाडी जशीच्या तशी असेल तर भरभक्कम किंमत, कापली तर भंगार, असे तो मला समजावत होता. मी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हटले, "नळ्या कापायला घे." तिने कोणत्या गाडीसाठी म्हणून विचारलेही नाही.

शेवटचा खांब कापायच्या दिवशी भाऊजी धापा टाकत आले. "वहिनी, हात जोडतो. दादाची आठवण आहे ती." मी म्हटले, "आठवण तुमची चादरीखाली राहते, भाऊजी. माझी नाही राहत." आणि करवत चालू केली. टप उचलायला चार जण लागतात. मी, सून, समोरच्या हॉटेलातला आचारी. मागचा कोपरा मोकळा होता. टप सुटला आणि तिकडे कलला. खालच्या काळ्या रंगावर ओरखडा पडणार एवढ्यात भाऊजींनी झडप घालून तो कोपरा धरला. धरला तो खाली ठेवेपर्यंत सोडला नाही. नंतर गाडीजवळ गेले आणि दार उघडून लावले. पुन्हा उघडले, पुन्हा लावले. एका बोटाने. दार प्रत्येक वेळी अलगद बसले. "लागतंय की," एवढेच म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी मी एकटी ती गाडी घेऊन बाहेर पडले. झाडांखालच्या रस्त्याने हळू हाकली आणि मान मागे टाकून वर पाहिले. मला इतका आनंद झाला की रडू आले आणि वायपर लावावेत की काय असे वाटले. चौकातले लोक टाळ्या वाजवत होते. मी हात हलवला.

ही गाडी मुलाला द्यावी. होय, मुलालाच. अट एकच: विकण्याआधी त्याने एकदा, टाय काढून, हूड खाली टाकून, बायकोला शेजारी बसवून ती नदीपर्यंत न्यावी आणि परत आणावी. त्यानंतर विकावीशी वाटली तर माझी हरकत नाही. पण मी त्याला ओळखते.

कलम सहावे. भाऊजी. यांच्या गाडीचा कापलेला टप, आतल्या मूळ अस्तरासकट, शेडमध्ये गादीवर ठेवला आहे. भाऊजींना तो हवा होता. कधीतरी कोणी शहाणा तो परत जोडील, असे त्यांचे म्हणणे. मी तो त्यांना द्यायला तयार होते. पण वकिलांनी सांगितले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे रद्द होते. हे ऐकून मला भारी आनंद झाला.

काल भाऊजींना बोलावले. म्हटले, "टप घ्या, नाहीतर साक्षीला सही करा. दोन्ही जमत नाही. साक्षीदार म्हणून लिहायचं असतं की बाई शुद्धीत आहे. तुम्ही चाळीस वर्षं उलटं सांगितलंत, म्हणून ते तुमच्याच हातचं हवं. तुमच्या सहीपुढे माझ्या मुलाला कोर्टात तोंड उघडता येणार नाही."

त्यांनी गादीवरच्या टपावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "वहिनी, टप सुनेकडे राहू दे. पेन आहे का?"

येणेप्रमाणे टपही सुनेला द्यावा. अंमलबजावणी तिनेच करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, यापुढे करण्याची गरज दिसत नाही. हे पत्र मी स्वहस्ते लिहून, स्वतः वाचून, समजून त्यावर सही केली आहे.

ठिकाण: वर्कशॉपचे अंगण.
तारीख: ९ फेब्रुवारी.
सही: (लिहून देणार)

साक्षीदार क्रमांक एक, डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. प्रकृती व मन उत्तम. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन, लिहून देणारीचे धाकटे दीर, धंदा सुटे भाग: वहिनींनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. दादाच्या गाडीचा टप कापला त्या दिवशीही त्या पूर्ण शुद्धीत होत्या. मागचा कोपरा मी धरला होता. (सही)