वहीच्या शेवटच्या पानावरची नावं

आत्या,

तुला लिहावं की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. गेलेल्या माणसांना काही विचारू नये, हे तूच मला शिकवलंस. म्हणून मी विचारणार काही नाही, फक्त सांगणार आहे. हे कागद कुठे जाणार नाहीत. तुला जाऊन मे महिन्यात आठ वर्षं झाली. मला तेव्हा रडू आलं नव्हतं आणि आजही येत नाही. कबरस्थानात पाळकसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, पोरगा खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतो. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, त्यानंतर आपलाच गाल हाताला दुसऱ्याचा लागतो, तसं काहीतरी होतं. ते अजून उतरलेलं नाही.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. रविवारी उपासनेहून आलो की तू पांढरं पातळ बदलून पाटावर बसायचीस आणि नारळ खवायला घ्यायचीस. मी उंबऱ्यावर पवित्र शास्त्र उघडून बसलेला. पाळकसाहेबांनी ज्या वचनावर उपदेश केला ते वचन आधी वाचायचं, मग त्याच्या आधलं, मग त्याच्या नंतरचं. मी कंटाळून पुढे पळालो की खवणीचा आवाज थांबतो. "आधलं वाचलंस?" वाचलं. "मोठ्यांदा वाच. मधलंच उचलून कोण पण काय पण सांगेल. सैतानाने प्रभूला वचनंच सांगितली होती ना? पाठ होती मेल्याला, तुझ्यापेक्षा जास्त." एकदा पाळकसाहेबांनीच एक वचन अर्धं सोडलं, तर तू दुपारी त्यांच्या घरी जाऊन सांगून आलीस. ते हसले आणि म्हणाले, बाई, तुमच्याकडे जेवायला यायची मला भीती वाटते. तू म्हणालीस, भीती असू दे, पण जेवायला या.

आणि नववीतलं ते. मी तुला येऊन सांगितलं होतं की काल प्रार्थनेत मला देवाने शाळा सोडायला सांगितली. तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता विचारलंस, "देवाने सांगितलं, की गणिताने?" मग तू सूप खाली ठेवलंस आणि मला समोर बसवून म्हणालीस की शाळा सोडायची तर सोड, पण आपली इच्छा देवाच्या नावावर खपवू नको, तसं करणाऱ्याला पुढे खऱ्या आवाजाची ओळख राहत नाही. शाळा मी सोडलीच. तूच मला छापखान्यात नेऊन शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामाला लावलंस. मालकांना सांगितलंस, गणितात ढ आहे, पण शुद्धलेखनात तुम्हाला हरवील. पहिल्या महिन्याअखेर तू मला लाल कापडी पाठीची एक जाड वही आणून दिलीस. काहीतरी चांगलं लिही हिच्यात, एवढंच म्हणालीस.

त्या वहीत मी आपल्या मंडळीतल्या लोकांच्या प्रार्थनेच्या विनंत्या लिहायला लागलो, हे तुला माहीत होतं. शुक्रवारच्या प्रार्थनासभेआधी लोक चिठ्ठ्या द्यायचे, लिहिता न येणारे तोंडी सांगायचे, आणि मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवायचो. नावं लिहायची नाहीत असा वडीलमंडळींचा नियम होता. देवाला नाव ठाऊक असतं, आपल्याला कशाला. नुसता आकडा आणि मजकूर, आणि विनंती ऐकली गेली की पुढे लाल खूण. पण मला धास्ती वाटायची. तेवीस नंबर कुणाचा हे मी विसरलो आणि खूण भलत्याच्याच विनंतीपुढे झाली तर? म्हणून शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मी आकडे आणि त्यांच्यापुढे नावं लिहून ठेवली. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाला माहीतही नव्हतं. मला ते नीटनेटकेपणाचं वाटत होतं.

तू स्वतः कधी विनंती दिली नाहीस. पण तू गेलीस त्याच्या आदल्या नाताळाआधी तुला हिवताप आला होता. भर दुपारी मी तुझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसलोय आणि तू डोळे मिटून बोलतेयस. तुला एक मुलगा झाला होता. अकरा दिवस जगला. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेला, म्हणून मंडळीच्या नोंदीत त्याचं नाव नाही. तू मनातल्या मनात त्याचं एक नाव ठेवलं होतंस, ते तू त्याच्या बापालाही कधी सांगितलं नव्हतंस. ते नाव तू दोनदा घेतलंस. मग मला म्हणालीस, "कुठे असेल रे तो?" मी फडकं पुन्हा भिजवलं. संध्याकाळी ताप उतरला तेव्हा तुला यातलं काही आठवत नव्हतं, आणि मी आठवण करून दिली नाही. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: एका बहिणीचा अकरा दिवसांचा मुलगा, त्याचं नाव, बाप्तिस्म्याआधी वारला, तिच्या मनाला शांती मिळावी. आकडा एक्केचाळीस. शेवटच्या पानावर एक्केचाळीसपुढे लिहिलं, आत्या. तुझ्यावरच्या मायेनेच लिहिलं. ते खरं आहे.

जानेवारीत तो उपदेशक आला. घाटावरचा, सफारी घातलेला, बरोबर टेपरेकॉर्डर. त्याच्या सभांचं हस्तपत्रक आमच्याच छापखान्यात निघालं, खिळे मीच जुळवले. पहिल्या दिवशी पाळकसाहेबांकडे चहाच्या वेळी मी म्हटलं, ही माझी आत्या, आणि तू त्याच्यासमोर कप ठेवून प्रत्येक पाहुण्या उपदेशकाला विचारायचीस तो प्रश्न विचारलास, "भाऊ, तुम्हाला रागावणारं कोण आहे?" तो हसून म्हणाला, प्रभू आहे ना, आई. घरी येताना वाटेत तू म्हणालीस, "प्रभू रागावला तर याला ऐकू येत असेल काय? रागावणारा माणूस लागतो. दिसणारा." म्हणजे तू फसायच्या बेतात अजिबात नव्हतीस. हे मला इथे नीट लिहून ठेवायचं आहे.

शनिवारी दुपारी त्याने वही मागितली. विनंत्यांवर हात ठेवून प्रार्थना करायची आहे म्हणाला. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि मी वही दिली. त्याने दोन पानं उलटली आणि म्हणाला, काय सुंदर अक्षर आहे. फाटकापर्यंत आल्यावर मला शेवटचं पान आठवलं. परत जाऊन मागावी तर कारण सांगावं लागलं असतं. मी फाटकाची कडी लावली आणि घरी आलो.

रविवारी दुपारी देवळाच्या आवारात मांडव भरलेला. तो डोळे मिटून उभा आहे आणि एकेक सांगतो आहे. इथे एक भाऊ आहे, त्याचा मुलगा बोटीवर गेलाय, चौदा महिने पत्र नाही. इथे एक बहीण आहे, तिच्या सासूने तिच्याशी बोलणं टाकलंय. लोक हुंदके देत उभे राहतायत. मी बाकाच्या टोकाला बसून मनात आकडे म्हणतोय. चौदा. एकोणीस. बावीस. माझी वाक्यंसुद्धा त्याने फारशी बदलली नव्हती. मग तो तुझ्या बाजूला वळला आणि त्याने ते नाव घेतलं. तू उभी राहिलीस. मी तुला मंडळीत कधी तशी बघितली नव्हती, हात पुढे, एखादी वस्तू घ्यायला करावेत तसे. तो म्हणाला, तो प्रभूच्या मांडीवर आहे, आई. आणि लगेच म्हणाला, तुमची साखरही प्रभूने काढून घेतली, आता त्या गोळ्या म्हणजे अविश्वास. तुझ्या साखरेच्या आजाराचं वहीत नव्हतं. पण चहात साखर नको असं तू त्याला दोन दिवस सांगत होतीस.

सोमवारी सकाळी तू चुलीपुढे बसलेली. भाकरी थापता थापता तुझं ताडून बघणं चाललं होतं, आणि तू ते मोठ्याने करत होतीस, मला ऐकू यावं म्हणून. "नोंदीत नाव नाही. माझ्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. आईला कळलं असेल, तर ती केव्हाच गेली. बोलले असेन तर देवाशी." मग भाकरी तव्यावर टाकलीस, हात पुसलास आणि माझ्याकडे वळलीस. "तुझ्या त्या वहीत माझं काय होतं?"

मी म्हटलं, "नाय."

"नक्की?"

"नक्की. तू कधी दिलंस मला?"

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "मग झालं." इतकंच. तुझ्या ताडून बघण्यात काही चूक नव्हती, आत्या. हिशेबात एक गोष्ट कमी होती आणि ती माझ्याजवळ होती. त्याच दुपारी पाळकसाहेबांकडून वही परत आली आणि मी शेवटचं पान रबराने खोडलं. तू उरलेल्या गोळ्या कंपाउंडरला नेऊन दिल्यास, फेकायच्या कशाला, कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून.

त्यानंतरचे सात-आठ आठवडे तू आनंदात होतीस. केर काढताना गात होतीस, पेजेबरोबर गुळाचा खडा खात होतीस. मी ते बघायचो आणि सांगायचं उद्यावर टाकायचो. मार्चमध्ये पाली गावाकडच्या वाडीत कुणा आजाऱ्याला भेटायला गेलीस, तेव्हा कातळावर चप्पल तुटली आणि तू अनवाणी परत आलीस. टाचेला लागलेलं तुला कळलंच नाही. दहा दिवसांनी मला वासाने कळलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या, कुणी सांगितलं? तू चादर पायावर ओढून घेतलीस. पाय गुडघ्याखाली काढला, तरी विष वर चढत राहिलं. शेवटच्या आठवड्यात तू मला खाटेजवळ बोलावून म्हणालीस, "माझाच विश्वास कमी पडला असेल रे." मी पेजेचा थर्मास धरून उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

आता चार दिवसांपूर्वीचं. आपल्या ओळीत शेवटच्या घरात राहते ती शेजारीण तुला आठवत असेल. तू गेलीस तेव्हा तिची मुलगी रांगत होती. ती मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि तिला फिट येतात. गोळ्यांनी आटोक्यात आहेत. शेजारणीने मला हाक मारून बसवलं. देवरूखला सभा आहेत, तोच उपदेशक येतोय, मुलीला न्यायची आहे, सोबत ये म्हणाली. आणि मोठ्या कौतुकाने तिने एक कॅसेट लावली. आपल्याकडच्या त्या रविवारची. त्या सभांच्या कॅसेट विकतात, हे मला माहीत नव्हतं. मी ती सगळी ऐकली.

"गोळ्या इथेच ठेवून जाणार," ती म्हणाली. "अर्धा विश्वास घेऊन कशाला जायचं?"

मी म्हटलं, "आत्याने बंद केल्या होत्या. तिचं काय झालं ते बघितलंस ना?"

"तिची वेळ आली असेल रे. पण नाव तर त्यांना कळलं होतं ना! आख्खी मंडळी सांगते. तुझ्या आत्येसारखी कडक बाई उभी राहिली, म्हणून तर माझी खात्री पटली."

म्हणजे तुझ्या नावाने हे चालतं. तू ज्याला कप पुढे करून प्रश्न विचारलास, त्याची साक्ष आता तू आहेस.

मी तिला वहीचं सांगितलं. आकडा, शेवटचं पान, फाटक, सगळं क्रमाने. आवाज न चढवता सांगितलं, अगदी प्रूफ वाचून दाखवावं तसं. मुलगी दारात बसून चिंचोके मोजत होती. शेजारणीने कॅसेट काढून हातात धरली. मग म्हणाली, "मेल्या, मग तेव्हा का नाय बोललास?"

मी म्हटलं, भीती वाटली. वही काढून घेतील, तू रागावशील. तिला ते पटलं. गोळ्या चालू ठेवीन म्हणाली, पण ते मनापासून म्हणाली की मला घालवायला, हे मला ओळखता आलं नाही. काल मी पाळकसाहेबांना गाठून सगळं पुन्हा सांगितलं. येत्या रविवारी मंडळीसमोर सांगायचं ठरलं आहे. काय बोलायचं ते लिहून काढलंय.

पण भीती वाटली, हे पूर्ण उत्तर नाही. त्या लिहून काढलेल्यात जे नाही ते तुला सांगतो. कॅसेटमध्ये त्याने तुझ्या मुलाचं नाव घेतल्यावर क्षणभर नुसती खरखर ऐकू येते. मग, तुझा हुंदका यायच्याही आधी, एक तरुण माणूस मोठ्याने "आमेन" म्हणतो. शेजारणीला तो आवाज ओळखू आला नाही. तो माझा आहे. ते नाव कुठून आलं हे त्या मांडवात त्याच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते मनापासून म्हटलं होतं.