रविवारी वाचायचं पत्र

१५ ऑक्टोबर २००६

ती. आप्पांस,
दीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. मी खुशाल आहे. इंग्लंडच्या थंडीपुढं मात्र माझं काही चालत नाही, स्वेटरवर स्वेटर चढवून वर्गात बसते.

परवा चपात्या करायला घेतल्या आणि तवा जरा जास्तच तापला. इथं छताला धुराचं यंत्र असतं. ते बोंबलायला लागलं आणि सगळं वसतिगृह अंगावरच्या कपड्यांनिशी खाली रस्त्यावर! एका चिनी मुलीच्या डोक्याला तर शाम्पू तसाच. मी आपली लाटणं घेऊन उभी. आग विझवणारे आले, त्यांनी माझी करपलेली चपाती बघितली आणि गेले. आता सगळी इमारत मला ओळखते.

विहारातली पोरं विचारतात म्हणे, दीक्षाताई नक्की काय शिकते. त्यांना सांगा, मोठा दवाखाना, विमानतळ, हजार माणसांचं ऑफिस, असल्या इमारतीतलं पाणी, वीज, लिफ्ट, आगीपासूनची व्यवस्था सगळं सुरळीत चालवायचं, त्याला फॅसिलिटी मॅनेजमेंट म्हणतात. बांधणारा एकदा बांधून जातो, पुढं ती इमारत आम्ही सांभाळायची.

आईनं गुडघ्याला तेल लावायचा कंटाळा करू नये. पाठीवरचा हात असाच असू द्या.

तुमची,
दीक्षा

१८ ऑक्टोबर २००६

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम. आप्पांना लिहिलेलं पत्र तू विहारात ऐकशीलच. ते खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं तुझ्या कळंब्याच्या खोलीवर पाठवते, कारण आप्पांच्या हातात पडलेलं पत्र अख्ख्या वस्तीच्या कानावर पडतं. पंचशील झालं की सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत उभ्यानं वाचायचं. आधी घरी उघडलं तर लोक म्हणतील, मास्तरांनी निवडून वाचलं. हा त्यांचा नेम तुला मोडता आला नाही, मला इथून काय मोडणार?

तर उरलेलं असं, की या शिक्षणात साफसफाईही येते. पुढच्या महिन्यात आमचं प्रॅक्टिकल आहे. एका मोठ्या दवाखान्यात सफाईच्या तुकडीबरोबर राबायचं. जिने, वऱ्हांडे, संडास, सगळं. आम्हाला शिकवणाऱ्या मार्गारेटबाई म्हणतात, उद्या ज्याला हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचंय त्यानं आधी स्वतःच्या हातानं करावं. बाई वाईट नाहीत रे. त्यांचं म्हणणंही चुकीचं नाही. पण मी यल्लव्वा आजीची नात आहे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिनं दुसऱ्याच्या अंगणातला झाडू तिथंच टाकला आणि परत कधी कुणाचं दार झाडलं नाही. आप्पांना हेडमास्तरांनी पटांगण झाडायला लावलं तेव्हा आप्पांनी आडरानातली बदली घेतली, पण झाडूला हात लावला नाही. हे ऐकतच आपण मोठे झालो.

बाईंना नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागेल. जात सांगावी लागेल, दादा. इथं आल्यापासून मला कुणी आडनावावरून जोखलं नाही. किती हलकं वाटत होतं! अपवाद एकटा वर्गातला विजयसिंह. तो आपल्या पन्हाळ्याचा, घरचं हॉटेल आहे. पहिल्याच दिवशी त्यानं मराठीतून आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात कुठल्या बाजूला घर ते विचारलं, आणि मग गप्पच झाला.

प्रॅक्टिकल केलं नाही तर नापास. नापास झाले की शिष्यवृत्ती बंद आणि घरी परत. फाट्यावर माझ्या फोटोचा एवढा मोठा फलक लावून ठेवलायस, त्याच्याखालून मी कोणत्या तोंडानं येऊ? इकडून भिंत, तिकडून भिंत. मला काहीतरी वाट सांग.

तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा असलेली,
दीक्षा

कळंबा, ४ नोव्हेंबर २००६

चि. दीक्षास,
जयभीम आणि आशीर्वाद. पत्र वाचलं आणि डोकंच सटकलं. विमानात बसवून पोरीला पाठवली ती काय संडास पुसायला? माझ्या खिडकीतनं जेलची भिंत दिसती. तुझं पत्र वाचल्यापासनं तिकडं बघवत न्हाय.

रविवारी नेसरीला गेलतो. आप्पांनी तुझं चपातीचं वाचलं आणि सगळी हसून हसून लोळली. नंतर आप्पा दोन तास सगळ्यांना लिफ्टवर भाषण देत हुते. स्वतः उभ्या जन्मात लिफ्टमधे बसल्यालं न्हाईत, पण ऐकतंय कोण! असला आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी बघितला न्हवता. म्हणून सांगतो, आप्पांना यातलं अवाक्षर कळवायचं न्हाय. त्यांना सोसायचं न्हाय.

खुळे, एवढं काय अवघड हाय? पाठ दुखती म्हणून सांग की. डॉक्टरची चिठ्ठी दे. जातबीत काय सांगायची न्हाय, झाडूबी धरायचा न्हाय. फलक लावला ती माझी चूक म्हण पाहिजे तर, पण आता उतरवला तर गाव काय म्हणंल?

जेवत जा. भांडत जा, पण पत्र बंद करू नको.

तुझा,
धम्मपाल

३ डिसेंबर २००६

ती. आप्पांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. हे पत्र तुम्ही विहारात उभ्यानं वाचत असाल. समोर बसलेल्या सगळ्यांना माझा जयभीम. एकच मागणं आहे, मधे थांबू नका.

माझ्या शिक्षणात काय काय येतं ते मी मागं लिहिलं होतं. त्यातून साफसफाई गाळली होती. गेल्या महिन्यापासून आम्हाला एका दवाखान्यात ते काम स्वतः करायला लावलंय. पहिल्या दिवशी मी सामानाच्या कपाटासमोर नुसती उभी राहिले. आजी डोळ्यांसमोर होती. मग मॉप उचलला. दादानं मला पाठ दुखते म्हणून सांगायला लावलं होतं. दादा, तू तिथं बसलाच असशील, रागावू नको. रविवारी पंचशील म्हणतोस आणि बहिणीला खोटं बोलायला शिकवतोस? आणि ती सबब माझ्या आधीच दुसऱ्यानं सांगितली होती.

आमच्या वर्गातला पन्हाळ्याचा विजयसिंह डॉक्टरची चिठ्ठी आणून सुटला. त्याला नुसतं हजर राहायचं असतं. मी जिना पुसत खाली येत होते आणि तो पायरीवर बसून फोनवर बोलत होता. मी जवळ गेले. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोलता बोलता दोन्ही पाय वर उचलले. घरी बाई फरशी पुसायला आली की उचलतात, तसे. मी त्याच्याच वर्गात शिकते, आप्पा. माझे मार्क त्याच्यापेक्षा जास्त आहेत. इतर कुणी बसलं असतं तर उठून बाजूला झालं असतं. त्याला उठावंसं वाटलं नाही. त्याला माझं आडनाव माहीत आहे.

हे कुणाला सांगू? इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या विचारतील, त्यात एवढं काय झालं. म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण माझा मान तुमच्या घरात आहे तसा राहू दे.

तुमची,
दीक्षा

नेसरी, १८ डिसेंबर २००६

चि. दीक्षास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. तुझे पत्र वाचले. म्हणजे सगळ्यांनीच ऐकले.

मी फार रागावलो आहे. पाकीट मी सर्वांसमोर फोडतो, आधी वाचत नाही आणि मधे थांबत नाही, हे तुला पक्के ठाऊक होते. तरी तू मला विहारातल्या टेबलामागे कोंडलेस. तू मॉप उचललास तिथेच थांबावेसे वाटले. थांबलो असतो तर तुझ्या पत्राची मलाच लाज वाटली असे झाले असते, म्हणून वाचत गेलो. त्याने पाय उचलले तिथे आवाजच गेला. पाणी प्यालो आणि ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली. तुझी आई रडत होती. धम्मपाल उठून बाहेर गेला.

घरी आलो, जेवण गेले नाही. परत ये, असे लिहायला बसलो. पण तू परत आलीस तर जिंकले कोण? मग तिथेच राहा, असे लिहायला घेतले, तर हात चालेना. म्हणून या पत्रात दोन्हींपैकी काही नाही. चाळीस वर्षे लोकांना सल्ले दिले, स्वतःच्या लेकीला देता येत नाही.

एक गोष्ट मात्र कळव. वाचन संपले. मग तालुक्याच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईने विचारले, त्या पोराने पाय उचलले, मग दीक्षाने त्याच्या पायाखालचे पुसले का? तुझ्या पत्रात ते नव्हते. लगेच दोन तट पडले. पोरे म्हणाली, पुसलेच नसणार, मॉप त्याच्या अंगावर टाकून आली असणार. म्हातारी माणसे म्हणाली, पुसले असणार, पोटासाठी पुसावे लागते. येता-जाता मला तेच विचारतात. मी काय सांगू?

तुझा मान होता तिथेच आहे. तब्येतीस जप.

तुझा,
आप्पा

५ जानेवारी २००७

ती. आप्पांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पोरांना वाईट वाटेल, पण खोटं कशाला लिहू? पुसलं, आप्पा. मॉप टाकून देण्याएवढा राग आला होता. पण टाकला असता तर तो पास आणि मी नापास होऊन घरी आले असते. त्याचे पाय वर होते तेवढ्यात पुसून घेतलं. त्यानं पाय खाली ठेवले, ओल्या पायरीवर बुटांचे ठसे उठले. आमच्या शिक्षिका मार्गारेटबाई खाली उभ्या राहून बघत होत्या. मी ते ठसेपण पुसले.

प्रॅक्टिकलमध्ये मी वर्गात पहिली आले. याचा आनंद करायचा की नाही, ते मला कळत नाही. तो जिना मात्र अजून रोज डोळ्यांसमोर येतो.

झुंबरबाईंना माझा जयभीम सांगा. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सगळ्यांसमोर ऐकावं, म्हणून हे पत्रही रविवारीच फोडा. पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसा, पण या वेळी आवाज जाऊ देऊ नका.

तुमची,
दीक्षा