पौर्णिमेपर्यंत ठेवलेली अंडी

नांदगाव पेठ,
ता. २ मे १९६२

ती. जानरावदादांस,
धाकटी बहीण भागीरथा हिचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. अकोल्याच्या शाळेला सुटी लागली तरी मास्तरांचा घसा सुटीवर नाही, हे वाचून हसू आलं. वहिनींना म्हणावं, ज्येष्ठमधाची काडी तुमच्या खिशातच घालून ठेवा.

इथलं हसण्यासारखं नाही. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. सासूबाईंच्या भावाची नात आहे, दर्यापूरची मैना. तिला माझी सवत म्हणून या घरात आणायचं त्यांच्या मनात आहे. विषय निघाला की हे ताटावरून उठतात.

परवा शेजारच्या तानुबाईची कोंबडी खुडूक झाली, म्हणून तिच्याखाली आमची अंडी ठेवायला निघाले. सासूबाईंनी टोपलं हातातून काढून घेतलं. मूल नसलेल्या बाईनं कोंबडी बसवू नये, ही इथली जुनी रीत तुम्हाला माहीत आहे. म्हणाल्या की जिची कूस बंद, तिचा हात लागला का अंडं बी बंद होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याखाली उभ्या राहून म्हणाल्या. मीही तुमचीच बहीण. चार बायांसमोर म्हटलं की मीच बसवून दाखवते. त्या चिडल्या आणि त्याच बायांसमोर शब्द देऊन बसल्या की तेरातली निम्मी जरी फुटली तरी मैनेचं नाव काढणार नाही. नाही फुटली, तर पावसाळ्यात मैना या घरात.

ती जुनी अंडी त्यांनी रांधून टाकली. आजपासून नवी साठवते आहे. तीन कोंबड्या घालतात, पाचसहा दिवसांत तेरा होतील, की लगेच बसवीन. तुमचा धीर पाठीशी असू द्या.

आपली,
भागीरथा

---

अकोला,
ता. ५ मे १९६२

चि. सौ. भागीरथा हिस,
जयभीम आणि उदंड आशीर्वाद.

शाबास! मी दहा वर्षं मंडपामंडपांतून ओरडतो आहे, ते तू एका टोपल्यानं करून दाखवायला निघालीस. देव सोडले, पण विटाळ सोडला नाही. गंडेदोरे तोडले, पण बाईच्या कपाळावरचा वांझपणाचा शिक्का पुसला नाही! असल्या धर्मांतराला मी कपडे बदलणं म्हणतो.

पण घाई करू नकोस. हे काम गोठ्याच्या कोपऱ्यात उरकायचं नाही. १९ तारखेला वैशाखी पौर्णिमा आहे. तुमच्या वस्तीत त्या दिवशी माझं भाषण ठरलंच आहे. सगळ्या गावादेखत, माझ्या शेजारी उभी राहून, तू तुझ्या हातांनी कोंबडी बसव. एकविसाव्या दिवशी गाव पिलं मोजील आणि तुझ्या सासूबाईंना, पार्बताबाईंना, आपला शब्द गिळता येणार नाही. चार शेजारणींची साक्ष उद्या फिरेल, चारशे माणसांची फिरत नाही. तोवर अंडी जपून ठेव.

तुझा अभिमान वाटणारा,
जानराव

---

नांदगाव पेठ,
ता. ११ मे १९६२

ती. दादांस,
भागीरथाचा जयभीम. वि. वि.

तेरा अंडी सातव्या दिवशी पुरी झाली. तुमच्या शब्दाखातर थांबले आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. अंडी न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, रांजणाखालच्या वाळूत ठेवली आहेत, निमुळतं टोक खाली करून. सकाळ-संध्याकाळ कूस बदलते. वर ओलं तरट घालत होते, पण विहीर तळाला गेली आहे. सासूबाई म्हणाल्या की माणसाले प्याले नाही अन् अंड्याले आंघोळ कायले? आता तरट कोरडंच असतं. हात घातला तर वाळू कोमट लागते.

तानुबाईनं बजावलं की वैशाखातलं अंडं आठ दिवसांचं पाहुणं, नवव्या दिवशी ते वाट पाहत नाही. कोंबडी नसली तरी ऊनच त्याला उबवायला लागतं आणि अर्ध्यात टाकून देतं. तिनं जन्मभर कोंबड्या पाळल्या आहेत. दादा, तुम्ही हो म्हटलंत तर मी उद्याच बसवते. पौर्णिमेला लोकांना बसलेली कोंबडी दाखवा.

एक आणखी. सासूबाई दोन दिवसांपासून माझ्याशी फार गोड बोलतात. काल त्यांनी माझी वेणी घातली. त्या ओरडत होत्या तेव्हा मला भीती वाटत नव्हती.

उलट टपाली लिहा.
भागीरथा

---

अकोला,
ता. १४ मे १९६२

चि. सौ. भागीरथा हिस,
आशीर्वाद.

तानुबाईचं ऐकून तू डगमगावंस? मी वाचनालयातून कुक्कुटपालनावरचं इंग्रजी पुस्तक आणून पानन् पान वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की थंड खोलीत, रोज फिरवलेलं अंडं दोन आठवडे उत्तम राहतं. छापलेल्या शास्त्रापुढे ऐकीव गोष्टींची काय किंमत? बसलेली कोंबडी दाखवली तर लोक म्हणतील, सासूनंच बसवली. हस्तपत्रकं छापून वाटली आहेत, त्यांत तुझं नाव आहे. आता माघार नाही.

गोड बोलण्याला भिऊ नकोस. हरणारा माणूस गोडच बोलतो.

जानराव

---

नांदगाव पेठ,
ता. १२ जून १९६२

ती. दादांस,
जयभीम.

पौर्णिमेला तुम्ही बोललात, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी अंडी ठेवली. पुढचं तुम्ही पाहिलं नाही, म्हणून लिहिते.

बाराव्या दिवशी कोंबडीखालून वास सुटला. सोळाव्याला एक अंडं नासून फुटलं आणि ती उठून गेली. तानुबाईनं हातापाया पडून तिला पुन्हा बसवलं. एकविसाव्या दिवशी वस्तीतल्या बाया मोजायला आल्या. मोजायला काहीच नव्हतं. सासूबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि बायांना चहा केला.

सगळ्या गेल्यावर मी आणि तानुबाईनं उरलेली बारा अंडी परसात नेऊन फोडली. चारांत नुसतंच नासलेलं पाणी. आठांत रक्ताचं बारीक कडं, बांगडीएवढंही नाही, करंगळीतल्या वेढ्याएवढं. तानुबाई म्हणाली की हे कोंबडीखाली मेलेलं नाही, वाळूतच जिवंत होऊन वाळूतच मेलं. दादा, ती थंड खोली कुठल्या देशातली होती? आपल्याकडे वैशाखात थंड खोली असते का, हे तुम्ही मला विचारलं नाहीत आणि मीही उलटून लिहिलं नाही.

येत्या रविवारी, १७ तारखेला, आमच्याकडे पंचांची बैठक आहे. मैनेचं ठरवायला. कायदा दाखवू नका. ते म्हणतात कायदा अमरावतीच्या कचेरीत राहतो, आणि नवऱ्यावर फिर्याद करायला मी जाणार नाही हे त्यांना माहीत आहे. तुमचा शब्द मात्र ते मानतात. तुम्ही या आणि एवढंच सांगा की ती बसवायला निघाली होती, मी थांबवलं, अंडी माझ्यामुळे गेली. बाकी काही नको.

भागीरथा

---

अकोला,
ता. १९ जून १९६२

चि. सौ. भागीरथा हिस,
आशीर्वाद.

बैठकीतून निघताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणून हे लिहितो.

मी तासभर बोललो, जीव तोडून बोललो. पंच माना डोलावत होते. ते एक वाक्य माझ्या जिभेवर दोनदा आलं. पण विचार कर. मी भरबैठकीत चुकलो म्हटलं असतं, तर उद्या साऱ्या वऱ्हाडात काय म्हटलं गेलं असतं? की मास्तराचं पुस्तक खोटं आणि म्हाताऱ्यांची रीत खरी. एका घरासाठी सगळी चळवळ पणाला लावायचा मला अधिकार नव्हता. तुझ्या यजमानांना, किसनरावांना, मी एकीकडे घेऊन सांगितलं आहे. ते ऐकून घेत होते.

धीर धर. माणसं बदलतात.

जानराव

---

नांदगाव पेठ,
ता. १० ऑक्टोबर १९६२

ती. दादांस,
भागीरथाचा जयभीम. वि. वि.

तुमची तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मैना जुलैत आली, हे तुम्हाला कळलंच असेल. सतरा वर्षांची आहे. मला अक्का म्हणते.

कोंबड्या तिच्या हाती दिल्या गेल्या. भादव्यात तिनं मला हळूच विचारलं की अंडी कशी साठवायची. मी सांगितलं. धुवायची नाहीत, तडकलेलं ठेवायचं नाही, टोक खाली, कूस बदलत राहायची, आणि कोणी काहीही सांगितलं तरी पाच दिवसांवर एकही ठेवायचं नाही. तिनं तसंच केलं. अकरातली दहा फुटली. सासूबाईंनी वस्तीत गूळ वाटला. म्हणाल्या की पाहा, हात असा लागते.

तेव्हा मैना सगळ्या बायांमध्ये उठून म्हणाली की हात कायचा, अक्कानं सांगतलं तसं केलं. अन् अक्काची अंडी तिच्या हातानं नाही, तिच्या भावाच्या भाषणापायी नासली. लिहिता न येणारी पोर, एका दमात बोलून गेली.

कोणी टाळी वाजवली नाही. सासूबाईंनी गुळाचं ताट खाली ठेवलं. त्याच दुपारी दहाही पिलं शेजारी देऊन टाकली, कारण त्यांत माझी शिकवण होती. आता मैनेनं माझ्या हातचं पाणी प्यायचं नाही असं ठरलं आहे. तिला दिवस गेले आहेत. ती चोरून पिते, आणि सासूबाईंच्या ते लक्षात आलं आहे. उद्या त्या पोटाला काही झालं, तर ते कोणाच्या हातानं झालं हे आताच ठरून गेलं आहे. आमचे हे सकाळी मला बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीच्या वेळा सांगून गेले. मी विचारल्या नव्हत्या.

जे जूनमध्ये तुमच्या तोंडून या माणसांना पटलं असतं, ते आज मैनेच्या तोंडून पटलं नाही. मी तिच्या बाळंतपणापर्यंत इथे राहिले, तर तिचेही हाल होतील.

येत्या मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला येते. एक ट्रंक आहे. वहिनींना सांगून ठेवा. स्टेशनावर याल तेव्हा काही बोलू नका. ट्रंक उचला आणि चला.

लोभ मागत नाही. राहायला जागा असू द्यावी.

भागीरथा